फुंकणी चालते, मग बासरी का नाही?

(अंबरनाथ इथे बचत गट आणि महिला मंडळांच्या एकत्रित मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता 'मुलींचं करिअर आणि आपली जबाबदारी'. असा विषय मिळाला की काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असतं. नर्सिंग, संगणकाचा कोर्स, पोलीस भरती, शिवणक्लास. गेली अकरा वर्षं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी तेच सांगत आले आहे. आज मात्र मी बासरीबद्दल बोलणार आहे. हसू नका. बासरीवरून आमच्या एका गटात दोन बैठका भांडणात गेल्या, आणि त्या भांडणात मी चुकीच्या बाजूला होते, म्हणून बोलणार आहे.

झालं असं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला आमचा एक बचत गट आहे. तेरा बायका. बहुतेकजणी जीन्सच्या कामातल्या. कुणी कारखान्यात जाऊन बटणं लावते, कुणी घरी गठ्ठे आणून धागे कापते. त्यातल्या एकीने कर्जाचा अर्ज दिला आणि कारण लिहिलं, 'मुलीच्या बासरीसाठी'. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. लहानपणी महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत आईने तिला बासरी घेऊन दिली होती. त्यावर ती ऐकून ऐकून सिनेमाची गाणी वाजवायला लागली. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की हिला नीट शिकवा, हिच्या फुंकेत काहीतरी आहे. नीट शिकायचं म्हणजे डोंबिवलीला जायचं. विठ्ठलवाडीला गाडी पकडायची, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली. बासरी साडेआठशेची, क्लास महिना सातशे, वर पासाचे पैसे. वर्षाचे दहा हजार धरा.

बैठकीत एकदम कालवा झाला. पहिली म्हणाली, बासरीनं पोट भरतं का? दुसरी म्हणाली, लग्न झाल्यावर कुठली सासू वाजवू देणार आहे? तिसरी जरा खालच्या आवाजात म्हणाली की बाईच्या जातीनं फुंकायचं वाद्य वाजवू नये, पोटावर ताण येतो, पुढे मूल राहायला त्रास होतो. आणि मी? सामाजिक कार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी शांतपणे म्हणाले, "गटाचं कर्ज उत्पादक कामासाठी असावं असा आपला नियम आहे." वाक्य कसं स्वच्छ, नाही? प्रशिक्षणात शिकलेलं. त्या वाक्याने मुलीच्या आईचं तोंड बंद झालं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक मावशी बोलल्या. या मावशी अंबरनाथच्या, त्यांचे यजमान काडेपेटीच्या कारखान्यात होते. त्या म्हणाल्या, "पोटावर ताण येतो काय? अगं, जन्मभर चुलीपुढं फुंकणी फुंकली आम्ही. पोटुशी असताना फुंकली, ओली बाळंतीण असताना फुंकली. तेव्हा नाही कुणी म्हणालं ताण येतो. फुंकणी चालते आणि बासरी चालत नाही होय?"

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण मी घरी आले ती मावशींचं वाक्य घेऊनच. आमच्या घरी पेटी होती. मला पेटी आणि भावाला तबला असे दोघांनाही क्लास लावले होते. दहावीचं वर्ष आलं तेव्हा माझी पेटी माळ्यावर गेली, 'अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून'. भावाच्या दहावीला तबला काही माळ्यावर गेला नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, आईवडिलांना ते जाणवलंही नसेल. मलाही त्या बैठकीपर्यंत जाणवलं नव्हतं. मग मी वाचायला लागले, गाण्यातल्या जाणत्या माणसांना विचारायला लागले. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट परंपरेची. आपल्या गौळणींमध्ये, कीर्तनात, चित्रात मुरली आहे ती कृष्णाची. ती वाजली की बायकांच्या हातातली कामं सुटतात, घुसळण थांबते, पोर रडत राहतं. म्हणजे बाईने ऐकायचं. चित्रात कधी राधेच्या हाती मुरली दिसते, पण ती लपवलेली, थट्टेपुरती. वाजवायला नाही. आणि दुसरी बाजू जातीची आहे, तीही विसरू नका. लग्नात सनई हवीच, पण वाजवणारा मांडवाच्या बाहेर बसणार. तोंडाला लावायचं वाद्य म्हणजे उष्टं, अशी समजूत. फुंकायचं वाद्य एकीकडे देवाच्या ओठावर आणि दुसरीकडे गावकुसाच्या माणसाच्या. मधल्या घरांतल्या बायकांच्या वाट्याला टाळ. आपल्या कर्जत गाडीच्या लेडीज डब्यात सकाळी भजनं चालतात, तिथे बघा, टाळ आहेत, टाळ्या आहेत. वाद्य म्हणावं असं काही बाईच्या हातात क्वचितच.

पण गंमत पुढे आहे. मैफिलीत वाजते ती मोठी बासरी, जिला आपण शास्त्रीय बासरी म्हणतो, तिला शंभर वर्षंही झालेली नाहीत. १९११ साली आजच्या बांगलादेशातल्या बारिसालला जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनी ती मैफिलीत आणली. त्यांच्याआधी बासरी हे गुराख्याचं, लोकगीतांचं, फार तर साथीचं वाद्य. त्यांनी बांबू लांब केला, जवळजवळ बत्तीस इंचांपर्यंत नेला, तीव्र मध्यमासाठी सातवं भोक पाडलं आणि ख्यालाची गंभीर आलापी त्यातून काढली. १९४० साली ते मुंबईला आले, सिनेमात काम केलं, १९४७ साली मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले, पुढे दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि १९६० साली गेले. त्यांची पत्नी पारुल घोष या आपल्या सिनेमातल्या अगदी पहिल्या पार्श्वगायिकांपैकी एक. सिनेमाच्या कामात नवरा वाजवतो आणि बायको गाते, ही वाटणी त्या घरात होती तशीच सगळ्या संगीतात होती. पण वाद्यच जर इतकं नवं आहे, तर 'बायकांनी कधी वाजवली नाही' ही परंपरा कुठून आली? पुरुषांनीसुद्धा मैफिलीत वाजवली नव्हती!

दक्षिणेत तर हा प्रश्नच निकालात निघालेला आहे. सिक्कील भगिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुंजुमणी आणि नीला या दोघी बहिणींनी आयुष्यभर बासरी वाजवली. कुंजुमणी १९३० सालच्या, तेव्हा बघा काय काळ होता. २००२ साली दोघींना मद्रासच्या म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी हा मोठा मान मिळाला. नीलांची मुलगी मालाही बासरी वाजवते. म्हणजे आईकडून मुलीकडे बासरी आली. मूल राहायला त्रास होतो म्हणणाऱ्या आमच्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली, म्हणाली, "मग मी चुकीचं ऐकलं होतं वाटतं." आपल्याकडे उत्तरेच्या पद्धतीत मुली कमी, पण आहेत. मूळच्या अलाहाबादच्या देबोप्रिया आणि सुचिस्मिता चटर्जी या बहिणी हरिप्रसाद चौरसियांच्या मुंबईतल्या गुरुकुलात शिकल्या आणि जगभर वाजवतात. आणि बासरीच कशाला, मुंबईच्या झरीन दारूवाला सरोद वाजवत, डॉ. आबान मिस्त्री तबला. दोघी पारशी. गाण्यात बाई दिसते, कारण हिराबाई बडोदेकर, केसरबाई, मोगूबाई यांनी फार सोसून ती वाट पाडली. वाद्यात अजून मोजाव्या लागतात.

आता मी ज्यांच्याविषयी सविस्तर बोलणार आहे त्या बासरी वाजवत नव्हत्या. तरी आजच्या आपल्या बासरीची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. अन्नपूर्णादेवी. मुंबईत ब्रीच कँडीला एका उंच इमारतीत त्या कितीतरी वर्षं राहिल्या आणि १३ ऑक्टोबर २०१८ रोजी गेल्या. जन्म मैहरचा, १९२७ सालचा. वडील तेच अल्लाउद्दीन खाँ. असं सांगतात की थोरल्या मुलीला त्यांनी गाणं शिकवलं होतं. सासरी ते चाललं नाही, तिचा तंबोरा जाळला, आणि ती फार जगली नाही. म्हणून धाकट्या मुलीला काही शिकवायचं नाही असं बापाने ठरवलं. एक दिवस ते बाजारातून परत आले, तर ही मुलगी भावाच्या रियाजातली चूक दुरुस्त करत होती. भाऊ म्हणजे अली अकबर खाँ! दाराआडून ऐकून ऐकून तिला सगळं येत होतं. मग बापाने शिकवायला घेतलं, आणि हाती दिलं सुरबहार. सतारीहून मोठं, खर्जातलं, टाळ्या न मिळवून देणारं वाद्य.

१९४१ साली तिचं रविशंकरांशी लग्न झालं. वय चौदा. (आज आपल्या गटात असं लग्न ठरलं तर आपण चाइल्डलाइनला फोन करू.) १९५० च्या दशकात दोघांच्या काही जुगलबंद्या झाल्या. मग तिने जाहीर वाजवणं थांबवलं, ते कायमचं. का थांबवलं? तिच्या बाजूने सांगितलं जातं की लोक तिचं कौतुक जास्त करायला लागले आणि संसार वाचवण्यासाठी तिने वाद्य आत ठेवलं. रविशंकरांचं म्हणणं असं की त्यांना ती वाजवायला हवी होती, तिलाच नको होतं. संसार काही वाचला नाही. १९८२ साली घटस्फोट झाला.

मी एका शिबिरात ही गोष्ट सांगितली तेव्हा बायकांचे डोळे भरून आले. 'केवढा त्याग!' मला तो शब्द ऐकला की भीती वाटते. बाईने काही गमावलं की आपण लगेच त्याला त्याग म्हणतो, आणि मग गमावण्याचा हिशोब कुणी मागत नाही. तिच्या वाजवण्याची मोजकीच ध्वनिमुद्रणं उरली आहेत. मी एक ऐकलं. मला शास्त्रातलं फार कळत नाही, पण ते ऐकताना माझ्या हातातली भाजी निवडायची राहिली. त्या पन्नाससाठ वर्षांत किती संध्याकाळी, किती लोकांनी हे ऐकलं असतं! ते गेलं ते गेलं. त्याला गोड नाव देऊ नये असं मला वाटतं.

पण दुसरी बाजू आहे, आणि तिच्यात बासरी येते. ही बाई घरात बसून शिकवायला लागली. दारावर पाटी होती की सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडलं जाणार नाही, इतर दिवशी घंटा तीनदाच वाजवा, दार नाही उघडलं तर चिठ्ठी ठेवून जा. मला ही पाटी फार आवडते. आपल्यातल्या किती जणींना असं आपल्या दाराला सांगता येतं? त्या दाराशी कोण उभं राहिलं? निखिल बॅनर्जी आले सतार घेऊन. हरिप्रसाद चौरसिया आले, तेव्हा ते आकाशवाणी आणि सिनेमात चांगले स्थिरावलेले होते. शिकायचं तर आधीचं सगळं विसरावं लागेल, ही अट होती. मनापासून शिकायला आलो आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी उजव्या बाजूला धरायची बासरी डाव्या बाजूला धरायला सुरुवात केली. म्हणजे बोटं, फुंक, मान, सगळं पहिल्यापासून! मुंबई आकाशवाणीत काम केलेले नित्यानंद हळदीपूर हे पन्नालालांच्या शिष्यपरंपरेतले. तेही १९८६ पासून त्यांच्याकडे शिकले, आणि त्यांच्या म्हातारपणी मुलासारखी सेवा केली. सुरबहार वाजवणारी बाई बासरी शिकवते कशी? गाऊन. ती गायची, शिष्याने बांबूतून तेच काढायचं. आपल्याकडे मोठमोठ्या सभागृहांत जी बासरी वाजते, तिचा एक मोठा प्रवाह एका बाईच्या बसायच्या खोलीतून वाहत आला आहे. १९७७ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. खोली मात्र तीच राहिली.

खोलीवरून आठवलं. युरोपात संगीताचा एक प्रकार आहे, त्याचं नावच खोलीवरून पडलं आहे, चेंबर म्युझिक. दोन, तीन, चार, पाच वादक, समोर छडी हलवणारा संचालक नाही. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आणि एकमेकांचं ऐकत ऐकत पुढे जायचं. (आपल्या बैठका अशा व्हायच्या असतात. होतात का ते तुम्हीच सांगा.) त्या संगीतातली बासरी धातूची, चाव्यांची. पण आडवीच धरतात आणि फुंकही तशीच. तिथे डोरिअट अँथनी ड्वायर नावाची एक बाई होऊन गेली. जन्म १९२२, मृत्यू २०२०. अमेरिकेत बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी तिच्या दूरच्या नात्यातल्या. पहिले धडे आईकडून, कारण आई स्वतः बासरी वाजवायची. बघा, पुन्हा आई! १९५२ साली बोस्टनच्या मोठ्या वाद्यवृंदात ती मुख्य बासरीवादक झाली. तोपर्यंत तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांत बाई असलीच तर बहुधा हार्पवर. ती अडतीस वर्षं त्या खुर्चीत बसली, १९९० पर्यंत. त्याच वाद्यवृंदातल्या मुख्य वादकांचा छोटा चेंबर संच १९६४ साली निघाला, त्यातही ती पहिल्यापासून होती. युरोप याहून मागे. व्हिएन्नाच्या नामवंत वाद्यवृंदाने बाईला सभासद करून घेतलं ते १९९७ साली! जिला घेतलं ती वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्यात वाजवतच होती, फक्त सभासद नव्हती. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबारावर नसतं, तसंच हे.

मग बायका आत आल्या कशा? एक युक्ती निघाली, पडद्याची. वादक निवडताना परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा लावायचा. खाली गालिचा, म्हणजे चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये. फक्त सूर ऐकायचा. अमेरिकेतल्या पाच मोठ्या वाद्यवृंदांत १९७० साली बायका शेकडा पाचही नव्हत्या, १९९७ साली पंचवीस झाल्या. हा अभ्यास करणाऱ्या दोघींपैकी क्लॉडिया गोल्डिन यांना पुढे २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. यात पडद्याचा वाटा नेमका किती, यावर विद्वानांत वाद आहे, तो असू दे. मला नवल वाटलं ते वेगळंच. आपल्याकडे पडदा म्हणजे बाईला आत ठेवण्याची वस्तू. तिथे त्याच वस्तूने तिला दार उघडून दिलं.

पण थांबा, गोष्ट गोड होत नाही. २००४ साली एलिझाबेथ रो ही बाई पडद्यामागून निवडून येऊन बोस्टनच्या त्याच खुर्चीत बसली. २०१८ साली तिने खटला भरला. तिच्या शेजारी बसून ओबो वाजवणाऱ्या पुरुषाला जो पगार, त्याच्या सुमारे पाऊणपट पगार तिला! ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. संस्थेचं म्हणणं, बासरी आणि ओबो ही तुलनाच होत नाही, ओबो वाजवायला अवघड. तो ओबोवाला सहकारी मात्र तिच्या बाजूने बोलला, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. २०१९ साली तडजोड झाली, अटी बाहेर आल्या नाहीत. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा, आता तो वेतन संहितेत सामावला आहे. आणि उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात काय ऐकू येतं? मशीन चालवणं अवघड, ते पुरुषांचं. धागे कापणं सोपं, ते बायकांचं. तुलनाच होत नाही! मी हे गटात सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी हसली ती धागे कापणारीच.

तर दुसरी बैठक झाली. मी माझं 'उत्पादक काम' मागे घेतलं आणि तसं स्पष्ट म्हणाले. पोट भरतं का, याचं उत्तर मी खोटं दिलं नाही. मैफिलींवर पोट भरणारे पुरुषसुद्धा बोटांवर मोजण्याइतके. पण वाट एवढी एकच नाही. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगाव होतात. प्रवेशिका, मध्यमा, विशारद. बासरीतही विशारद करता येतं. मग शाळेत संगीत शिक्षिका, स्वतःचा क्लास, आकाशवाणीची श्रेणी मिळवून कार्यक्रम, नृत्याच्या आणि नाटकाच्या साथीचं काम. आपल्या भागात बदलापूरपर्यंत नव्या इमारती झाल्या, तिथले आईबाप मुलांना संगीताच्या क्लासला घालतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून का होईना. शिकवणारी बाई मिळाली तर मुलींना जास्त पाठवतील. हा हिशोब एकीने लगेच वहीत मांडला.

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती आईनेच बोलून दाखवली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर अत्याचाराची घटना उघड झाली, लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद होत्या. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या दिवशी अडकल्या होत्या, काही जणी रुळांवर होत्या. त्यानंतर आमच्या वस्तीत कित्येक मुलींचे क्लास बंद झाले. शिक्षा गुन्हेगाराला आणि बंदी मुलींवर, हे नेहमीचंच. पण आईची भीती खोटी म्हणू का मी? संगीतात तर शिकवणं म्हणजे गुरू, बंद खोली, पायाशी बसणं आणि वर प्रश्न विचारायचा नाही. २०१८ साली संगीतातल्या मुली उघडपणे बोलायला लागल्या, तेव्हा मद्रासच्या म्युझिक अकादमीला त्या मोसमात काही कलावंतांना वगळावं लागलं. पाया पडण्यातली श्रद्धा मी समजू शकते. पण मुलगी सोळाची आहे, तिला पोक्सो कायदा लागू आहे, आणि तो गुरूंनाही लागू आहे.

म्हणून गटाने ठरवलं की कर्ज द्यायचं, आणि क्लास बघायला आईबरोबर दोघींनी जायचं. आम्ही गेलो. मी सरांना सरळ विचारलं, दार उघडं असतं का, आणखी कोण शिकतं, एकटीची शिकवणी असते का. विचारताना माझे कान गरम झाले होते. सरांना राग आला नाही. ते म्हणाले, "बरं झालं विचारलंत, कुणी विचारत नाही." त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. मुलगी आता गुरुवारी आणि शनिवारी जाते, पहिले दोन महिने आई बरोबर जात होती. बासरीचं मापही तिथेच कळलं. मैफिलीची मोठी बासरी पांढरी तीनची, तिची भोकं लांब लांब, तिथे लहान हातांची बोटं पुरत नाहीत. म्हणून मुलींना 'तुझे हात लहान' म्हणून घरी पाठवायचे म्हणे. सरांनी तिला पांढरी पाचची दिली. पुढे बोटं सैल झाली की मोठी. एवढं सोपं होतं.

रियाजाला जागा नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, धाग्यांचे गठ्ठे, शेजारचा टीव्ही. सुरुवातीला सहा महिने नुसता एकेक सूर लांबवायचा असतो, तो शेजाऱ्यांनी का ऐकावा? तेव्हा गटाच्या कार्यालयाची चावी तिला दिली. संध्याकाळी पाच ते साडेसहा. कर्जाला विरोध करणारी आमची मैत्रीण समोरच राहते. ती अजूनही म्हणते की लग्नानंतर हे सगळं बंद पडणार आणि गटाचे पैसे पाण्यात. कदाचित ती बरोबर ठरेल, मी पैज लावणार नाही. पण चावी तिच्याकडेच असते, आणि मुलीला यायला उशीर झाला की ती खाली उतरून बघते. मागच्या आठवड्यात तिने मला सांगितलं, "आज तो वरचा सा लागला बरं का तिचा, फाटला नाही."

हप्ते वेळेवर चालू आहेत. आठशे तेहतीस रुपये, बारा महिने. मुलगी आज इथे आली आहे, मागे बसली आहे. मी तिला वाजवशील का म्हणून विचारलं होतं. तिने नाही सांगितलं. यमनचा आलाप अजून नीट बसला नाही म्हणाली, आणि जत्रेतली गाणी आता वाजवायची नाहीत. तर तिला आग्रह करू नका. माझ्याकडे अजून दहा मिनिटं आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.